दिवस मावळेपर्यंत उभे राहिलेले

सामान्य काळातील २५ वा रविवार
वाचने : यशया ५५:६-९, फिलिप्पैकरांस पत्र १:२०-२४, २७, मत्तय २०:१-१६



आजच्या शुभवर्तमानातील दाखला समजण्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. परभणी शहरात सकाळी लवकर मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहावे. कोणाच्या हातात थापी असते, कोणाच्या खांद्यावर फावडे असते, कोणाच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या असतात. ठेकेदार मोटारसायकलवर येतो. माणसांकडे पाहतो, बोटाने दाखवतो, 'तू, तू आणि तो तिकडचा.' तिघे निघून जातात. दुसरा येतो, आणखी चौघे जातात. दहा वाजता गर्दी ओसरते. अकराच्या पुढेही काही माणसे तिथेच असतात. आता कोणी येणार नाही हे त्यांना ठाऊक असते, पण घरी काय सांगायचे हे ठाऊक नसते. म्हणून ती उभी राहतात.

प्रभू येशूने सांगितलेली गोष्ट याच माणसांची आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि एक दीनार मजुरी ठरवून माणसे कामाला लावतो. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, एका घराचा एका दिवसाचा चरितार्थ. मग तो नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो आणि दिवस मावळायला एक तास राहिला असता, पाच वाजता, पाचव्यांदा जातो. तिथे अजून काही जण उभे असतात. दिवसभर काही न करता इथे का थांबलात, असे तो विचारतो. त्यांचे उत्तर अगदी साधे आहे : आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही.

या उत्तरावर आपण सहसा थांबत नाही. आपण घाईने शेवटाकडे जातो आणि मजुरी सारखी कशी, हा न्याय कसा, या प्रश्नात अडकतो. आज मात्र मी तुम्हाला त्या पाच वाजताच्या माणसांजवळ थोडा वेळ थांबायला सांगणार आहे. कारण आपल्या झरीत, आजूबाजूच्या गावांत, आपल्या या लहानशा मंडळीतही ती माणसे आहेत. त्यांच्याबाबतीत आपली एक चूक झाली आहे आणि ती चूक प्रथम माझी आहे.

दारातला प्रश्न

आपल्यातील एक तरुण काही महिने मिस्साला येईनासा झाला होता. नाव सांगत नाही. एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे कामाला होता. ठेक्याची मुदत संपली, तो गावी परत आला. सुरुवातीचे तीन-चार रविवार तो नेमाने आला. मिस्सानंतर दारात उभे राहून मी सर्वांना भेटतो, तसा त्यालाही भेटत असे आणि दर वेळी विचारत असे, "काय, सध्या काय चाललंय? लागलं का कुठे?" मला वाटे, मी आपुलकीने विचारतो आहे. माझ्या मागे उभी असलेली वडीलधारी मंडळीही तेच विचारत. मग तो यायचा थांबला. मी मनात म्हटले, पोराची श्रद्धा ढळली.

पुढे एकदा त्याच्या आईची गाठ पडली. मी म्हणालो, "बाई, लेकराला प्रार्थनेला पाठवा. देवावर राग धरून कसं चालेल?" ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, त्याला देवाचा राग नाही. तुमच्या दारातल्या प्रश्नाचा राग आहे. मिस्साच्या वेळेला तो शेताकडं जातो आणि बांधावर बसून राहतो."

बंधू-भगिनींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. द्राक्षमळ्याच्या धन्यानेही तोच प्रश्न विचारला होता. पण त्याच्या आणि माझ्या प्रश्नात मोठा फरक होता. धनी विचारून थांबला नाही. उत्तर ऐकताच तो म्हणाला, तुम्हीही माझ्या मळ्यात चला. त्याच्या प्रश्नामागे जागा तयार होती. माझ्या प्रश्नामागे काहीच नव्हते. ज्या प्रश्नामागे आपण काहीच ठेवलेले नाही, तो प्रश्न बेकार माणसाला दगडासारखा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेतावर गेलो. काहीही विचारायचे नाही, एवढेच ठरवून गेलो. आम्ही बांधावर बसलो, मुगाच्या शेंगा खाल्ल्या. बऱ्याच वेळाने तोच बोलला. किती ठिकाणी अर्ज दिले, कुठे मुलाखत झाली, कुठे एजंटाने पैसे मागितले. शेवटी म्हणाला, "फादर, नाही म्हणून सांगितलं तरी बरं वाटंल. पण कोणी काही सांगतच नाही. आपण हाव का नाही, तेच कळंना."

'आपण आहोत की नाही.' काम नसण्याचे खरे दुःख या शब्दांत आहे. पैशाची चणचण असतेच. पण त्याहून खोल जखम ही, की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो. तो लग्नाला जाणे टाळतो, पारावर बसणे टाळतो, आणि मग देवाच्या घरी येणेही टाळतो. जिथे त्याला सर्वांत जास्त आधार मिळायला हवा, तिथेच त्याला सर्वांत जास्त लाज वाटू लागते.

'जो काम करीत नाही' : एक गैरसमज

काही जण म्हणतील, फादर, पवित्र शास्त्रातच लिहिले आहे ना, की काम न करणाऱ्याने खाऊही नये? होय, संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तसा उपदेश आहे. पण तो नीट वाचा. ज्यांची काम करण्याची इच्छा नाही, जे रिकामे फिरून दुसऱ्यांच्या घरात लुडबुड करतात, त्यांच्यासाठी तो आहे. काम मागत फिरणाऱ्याला तो वचनाचा दगड मारणे म्हणजे संत पौलावर अन्याय आहे.

आपल्या मुलांचेच पाहा. २०२३ साली राज्यात तलाठी भरती झाली. सुमारे साडेचार हजार जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त मुले-मुली. त्यातला एक निवडला गेला. उरलेले सगळे आळशी होते काय? त्यांनी प्रार्थना केली नव्हती काय? पहाटे अंधारात जिंतूर रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी मुले तुम्ही पाहता. सोळाशे मीटरचे अंतर काही सेकंदांनी हुकले म्हणून एखाद्याचे वर्ष वाया जाते. शेताची गोष्ट तशीच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभे पीक पाण्यात गेले, आणि पिकाबरोबर मजुराचे कामही गेले. यात त्या मजुराचा काय दोष?

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करू या. काम नसणे हे पाप नाही. ते देवाने दिलेली शिक्षाही नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या सप्टेंबर महिन्यात मानवी श्रमाविषयी एक परिपत्रक प्रसिद्ध केले. बेकारी हे एक अरिष्ट आहे आणि कामावाचून राहिलेल्या माणसाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची काळजी घेणे हे समाजाचे कर्तव्य आहे, अशी त्यांची शिकवण आहे. त्यांनी त्याला उपकार म्हटले नाही, कर्तव्य म्हटले आहे, हे लक्षात घ्या.

पौलाला काम कोणी दिले?

स्वतः संत पौल एकदा परक्या शहरात एकटा, कामाच्या गरजेत होता. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय घरी जाऊन वाचा. पौल करिंथ शहरात आला. तिथे त्याला अक्विला व त्याची पत्नी प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. ते स्वतःही उपरेच होते. क्लौद्य बादशहाने यहूदी लोकांना रोम सोडून जाण्याचा हुकूम केला म्हणून ते तिथे येऊन राहिले होते. त्यांचा धंदा तंबू शिवण्याचा आणि पौलाचाही तोच. त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि तो त्यांच्याबरोबर कामाला बसला. दीड वर्षे पौल त्या शहरात राहिला. करिंथची मंडळी उभी राहिली ती अशी : एका घराने एका परक्या माणसाला झोपायला जागा आणि हाताला काम दिले.

पुढच्या पिढीतही ही रीत चालू राहिली. 'बारा प्रेषितांची शिकवण' म्हणून ओळखला जाणारा एक फार जुना ख्रिस्ती ग्रंथ आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचा. त्यात मंडळीला दिलेली सूचना मला फार व्यवहारी वाटते. वाटसरू आला तर त्याला दोन-तीन दिवस ठेवून घ्यावे. त्याला तुमच्यातच राहायचे असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करून खावे. आणि कसब नसेल तर? तर त्याला हाकलून द्या असे तो ग्रंथ म्हणत नाही. मंडळीनेच विचार करून त्याची अशी सोय लावावी, की ख्रिस्ती माणूस तुमच्यात रिकामा बसून राहणार नाही, असे तो सांगतो. नावापुरता ख्रिस्ती होऊन दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला मात्र ओळखून राहा, असेही बजावतो. म्हणजे काम शोधण्याची जबाबदारी त्या एकट्या माणसाची नव्हती, सगळ्या मंडळीची होती.

गोव्याच्या लोकांची कूड

तुम्ही म्हणाल, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे झाले. आपल्या देशात असे कोणी केले आहे का? केले आहे, आणि गरीब लोकांनीच केले आहे.

एकोणिसाव्या शतकात गोव्यातील ख्रिस्ती तरुण पोटासाठी मुंबईला येऊ लागले. कोणाला बोटीवर खलाशी व्हायचे होते, कोणाला आचारी किंवा खानसामा, कोणाला बँडमध्ये वाजवायचे होते. मुंबईत ओळख नाही, भाषा वेगळी, खिशात पैसे नाहीत. मग एकेका गावाच्या लोकांनी मिळून मुंबईत जागा घेतल्या. या जागेला ते 'कूड' म्हणत. कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत अशा शेकडो कुडी उभ्या राहिल्या. धोबीतलावच्या जेर महाल या एका इमारतीतच अनेक गावांच्या कुडी होत्या. त्यातल्या काही आजही चालू आहेत.

कूड म्हणजे काही हॉटेल नव्हे. भिंतीला लागून एकेकाची पेटी. रात्री चटई टाकली की तीच झोपायची जागा. भाडे अगदी थोडे, कारण राहणारा बहुधा बेकारच; एक बोट सोडून आलेला आणि दुसरी मिळण्याची वाट पाहणारा. भिंतीशी वेदी, तिच्यावर गावाच्या आश्रयदात्या संताची मूर्ती. संध्याकाळ झाली की सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची, हा नियम. गावच्या संताचा सण आला की तो कुडीतही साजरा व्हायचा.

मी विचार करतो, त्या मुलाला तिथे काय मिळत होते? नोकरी मिळत नव्हती. ती बोटीच्या कंपनीतच मिळायची. पण कुठली बोट माणसे घेते आहे ही बातमी त्याला कुडीत मिळायची. कागद कुठे करायचे, कोणाच्या नादी लागायचे नाही, हे शहाणपण मिळायचे. आणि दिवसभर दारोदार 'नाही' ऐकून आल्यावर संध्याकाळी रोझरीच्या वेळी त्याच्या हातातही जपमाळ असायची आणि त्याचाही आवाज इतरांत मिसळायचा. बोट मिळालेला आणि न मिळालेला, दोघे एकाच वेदीपुढे गुडघे टेकायचे. 'लागलं का कुठे?' असे विचारण्याची तिथे गरजच नव्हती. सगळे एकाच वाटेवरचे होते.

आपल्या झरीचीही मुले वाळूजला, पुण्याला, चाकणला जातात. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जातात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात. पहिल्या महिन्यात खिसा रिकामा होतो आणि काम मिळण्याच्या आतच मुलगा परततो. त्याला पहिल्या महिनाभरासाठी कूड मिळाली तर? मी इमारतीबद्दल बोलत नाही. ज्यांचे पाय शहरात रोवले गेले आहेत, अशा आपल्याच घरांतील एका खोलीच्या कोपऱ्याबद्दल बोलतो आहे.

आपल्या महाराष्ट्राने शिकवलेला धडा

आणखी एक उदाहरण देतो; ते चर्चमधले नाही, आपल्या राज्याचे आहे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढली की आपल्याकडचे आजी-आजोबा अजून खडी फोडण्याच्या आणि सुकडीच्या गोष्टी सांगतात. त्या काळात हजारो हातांना रोजगार हमीचे काम मिळाले. या योजनेमागे वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला : जो काम मागेल त्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी. पुढे २००५ साली देशाने असाच कायदा केला.

या योजनेतील एक गोष्ट मला शुभवर्तमानाच्या फार जवळची वाटते. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये राज्यात व्यवसाय कर लावला गेला. शहरात नोकरी असलेल्याच्या पगारातून थोडी रक्कम कापायची आणि त्यातून खेड्यात काम नसलेल्याला काम द्यायचे. सकाळी पहिल्या तासाला कामावर लागलेल्यांनी पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्यांची काळजी घ्यायची. कायदे आणि त्यांची नावे बदलत जातात, पण ही दिशा देवाच्या राज्याची आहे.

आपण काय करू शकतो?

बंधू-भगिनींनो, मी तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी कोणाला नोकरी लावून देऊ शकत नाही. 'फादर, एक चिठ्ठी द्या' म्हणून पुष्कळ जण येतात. चिठ्ठीने एकाचे काम होते आणि लायक असलेला दुसरा मागे राहतो. त्यात न्याय नाही. प्रार्थनाही चिठ्ठीसारखी वापरता येत नाही. आज यशया संदेष्ट्याने आपल्याला आठवण दिली, की देवाचे विचार आणि त्याचे मार्ग आपल्यापेक्षा फार उंच आहेत. नऊ दिवसांची नोव्हेना केली की दहाव्या दिवशी ऑर्डर येईल, असे वचन प्रभूने दिलेले नाही. पण आपण एकमेकांना टाकून देणार नाही, एवढे वचन आपण देऊ शकतो. त्यासाठी पाच साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट : दारातला तो प्रश्न बंद करू या. 'लागलं का?' असे विचारण्याऐवजी 'जेवायला ये' असे म्हणू या. वाचने वाचायला, गायला, वेदीची तयारी करायला त्यांना आवर्जून बोलवू या. ज्याला जगात कोणी कामाला लावत नाही, त्याला निदान देवाच्या घरात काम असू दे.

दुसरी गोष्ट : आपल्या घरांतील जे कोणी बाहेरगावी कामाला आहेत, त्यांची एक वही करू या. कोण कुठल्या शहरात, कुठल्या धंद्यात आहे, नव्याने येणाऱ्याला किती दिवस ठेवून घेऊ शकतो, हे त्यांच्या संमतीने लिहू या. ती वही प्रार्थनागटाच्या प्रमुखाकडे राहील. हीच आपली कूड.

तिसरी गोष्ट : एक लहान निधी. तलाठी भरतीच्या एका अर्जाला खुल्या वर्गासाठी एक हजार रुपये शुल्क होते. त्यात परीक्षा केंद्रापर्यंतचे जाणे-येणे मिळवा. मजुराच्या घरातून हे पैसे कुठून येणार? मग मुकादमाची उचल घेतली जाते आणि सबंध हंगाम कोयता चालवून ती फेडावी लागते. १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी सहकारी पतसंस्था सुरू केली. लोकांनी थोडे थोडे जमवले आणि त्यातूनच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक उभी राहिली. आपल्याला बँक काढायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ज्यांना पगार आहे त्यांनी जमेल ते टाकावे. हिशेब दारावर लावला जाईल. घेणाऱ्याचे नाव मात्र लावले जाणार नाही.

चौथी गोष्ट : दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातली माणसे ऊसतोडीला जातील. नवरा-बायको दोघे जातात, आणि लेकरांची शाळा अर्ध्यावर सुटते. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, अशा एखाद्या मुलाला त्या पाच-सहा महिन्यांसाठी आपल्या घरात ठेवता येईल का? आज शाळा सोडणारे मूल उद्या अड्ड्यावर अकरा वाजेपर्यंत उभे राहणार आहे. त्याची वाट आजच बदलता येते.

पाचवी गोष्ट : सावध राहू या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. पैसे देण्याआधी, मूळ कागदपत्रे कोणाच्या हातात देण्याआधी, दोन जाणत्या माणसांना विचारावे. ग्रामपंचायतीत काम मागायला गेलात तर लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर आपल्यातील कोणी तरी बरोबर जावे. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी दोघा-दोघांनी घरी भेटी देतात, तसेच.

आणि हे सर्व करताना दारात जात, धर्म विचारू नये. द्राक्षमळ्याच्या धन्याने बाजारात उभ्या असलेल्यांना ते कोणाचे कोण हे विचारले नव्हते. अड्ड्यावर सगळेच उभे असतात. आपल्या वहीतून शेजारच्या घरातील मुलालाही मदत झाली, तर ती वही खरी ख्रिस्ती ठरेल.

तुम्ही जे अजून उभे आहात

शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी, ज्यांना आज काम नाही. मायबाप हो, लेकरांनो, त्या दाखल्यातली पाच वाजताची माणसे आठवा. कोणी घेतले नाही तरी ती घरी गेली नाहीत. धनी पाचव्यांदा येईल हे त्यांना माहीत नव्हते. तरीही ती तिथेच होती, म्हणून त्याला सापडली. तुम्ही रोज अर्ज लिहिता, पहाटे धावता, अड्ड्यावर उभे राहता, घरातल्या आजाऱ्याची सेवा करता; देव ते पाहतो. आणि धन्याने त्यांना जी मजुरी दिली ती तासांच्या हिशेबाने नव्हती. शेवटी आलेल्याच्या घरीही लेकरे होती आणि त्या लेकरांना भूक पूर्ण दिवसाचीच लागली होती. प्रभू येशू स्वतः सुताराच्या घरात वाढला, सुतार म्हणूनच गावात ओळखला गेला. काम नसले की घरात कशी शांतता पसरते, हे त्याला आणि संत योसेफाला नव्याने सांगावे लागणार नाही. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून दिला, तो तुमच्यासाठीही आहे; फक्त कामावर असलेल्यांसाठी नाही.

बांधावर भेटलेल्या त्या तरुणाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आपल्याच एका कुटुंबातील नातलगाने त्याला वाळूजला आपल्या खोलीत वीस दिवस ठेवून घेतले. तिथे त्याला ठेकेदाराकडे काम मिळाले. ते काम पक्के नाही. दिवाळीनंतर राहील की नाही, मला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. पण मागच्या वेळी गावी आला तेव्हा तो रविवारी मिस्साला आला. दारात मी त्याचा हात हातात घेतला आणि काही विचारले नाही. तोच म्हणाला, "फादर, खोलीत एक जागा रिकामी आहे. कोणी येणार असंल तर सांगा."

बंधू-भगिनींनो, ज्याला काल जागा मिळाली तो आज जागा देऊ करतो. देवाचे राज्य आपल्या गावात असेच येते. चला, आपण प्रार्थना करू या.

हे परमपित्या, तुझ्या मळ्यात काम पुष्कळ आहे आणि आमच्या गावात रिकामे हात पुष्कळ आहेत. जे आज कामाच्या शोधात घराबाहेर पडतील, त्यांच्याबरोबर तू चाल. जे रिकाम्या हातांनी परततील, त्यांच्या घराचे दार तू उघड आणि त्यांना लाज वाटू देऊ नकोस. ज्यांना तू काम दिले आहेस, त्यांना मागे वळून पाहण्याची बुद्धी दे. श्रमिक संत योसेफा, आमच्यासाठी विनंती कर. हे मागणे आम्ही आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे करतो. आमेन.